रिजेक्ट झालेले मांडे

"जाहिरात माझ्यावर सोड" हे तीन शब्द मी त्या रविवारी बोललो नसतो, तर आज सुरतेत बमरोलीपासून कोसाडपर्यंत माझी जी ओळख झाली आहे ती झाली नसती. पण मी बोललो. हातात चहाचा कप होता, आणि बायको माझ्याकडे जरा आशेने बघत होती. असं बघणं आमच्या घरात सणासुदीलाच होतं, त्यामुळे मी वाहवत गेलो.

मी वाल्मिक. पांडेसऱ्यातल्या एका कापडाच्या मिलमध्ये चेकिंग खात्यात आहे. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असते, वरून कापड सरकत जातं आणि मी बघत बसतो. डाग दिसला, तुटका धागा दिसला, रंगाचा पट्टा दिसला, की रबरी शिक्का उचलायचा आणि मारायचा. रिजेक्ट! बावीस वर्षं मी हेच करतोय. आजवर मी रिजेक्ट केलेलं कापड जोडत गेलं, तर सुरतहून धुळ्याला जाऊन, मामांना भेटून, परत येता येईल. (नूतन म्हणते, "कापडाचं काय घेऊन बसलात, तुम्ही जेवणसुद्धा रिजेक्ट करता." नूतन म्हणजे बायको. भाजीत मीठ कमी आहे, असं मी एकदाच म्हणालो होतो. त्या दिवशी सव्वीस जानेवारी होती. तारीख तिला पाठ आहे.)

तर ही नूतन गेली अकरा वर्षं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. प्रवीणभाई नावाचे गृहस्थ स्कूटरच्या पुढ्यात साड्यांचा गठ्ठा घेऊन येतात, "बेन, अर्जंट छे," म्हणतात आणि गठ्ठा दारात टाकून जातात. अकरा वर्षांत अर्जंट नसलेला गठ्ठा एकही आला नाही. त्या चिकटवायच्या रसायनाने तिची बोटं सोलायची. मागच्या दिवाळीपासून सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे द्यायला लागली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे बारीक काम बंद करा.

नूतनने होळीनंतरचा पहिला गठ्ठा उचलला आणि स्कूटरवर परत ठेवला.

"प्रवीणभाई, आखाजीपर्यंत काम नको. आखाजीला मी मांडे करून विकणार. शंभर मांडे गेले, तर हा गठ्ठा पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. नाही गेले, तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन."

प्रवीणभाईंना मांडे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण नूतनचा आवाज ओळखीचा नव्हता हे त्यांना कळलं. ते गठ्ठा घेऊन गेले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात लेक माहेरी येते, झोके खेळते आणि पुरणाचे मांडे आमरसात बुडवून खाते. आता सुरतेत आलेल्या आमच्या बायकांना माहेर म्हणजे अमळनेर, पारोळा, शिंदखेडा. मिलला सुट्टी नाही, पोरांच्या परीक्षा, कसलं माहेर आणि कसला झोका! आणि मांडा काही गॅसवर होत नाही. त्याला लाकडाच्या जाळावर उलटं घातलेलं मातीचं मोठं खापर लागतं. शिवाय दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, कणीक झुलवत झुलवत पसरायची कला लागते. खापर आमच्याकडे होतं. माझ्या आईने ते तीस वर्षांपूर्वी गावाहून लुगड्यात गुंडाळून, एस.टी.त तान्ह्या बाळासारखं कुशीत धरून आणलं होतं. कलाही होती. माय सत्तरीची झाली, पण तिचा मांडा अजून असा पातळ, की आरपार दिसतं! "मांडामाईन समोरना मानूस दिसाले पाहिजे," असं ती म्हणते. नूतन तिच्याच हाताखाली शिकली.

म्हणजे माल तयार होता. फक्त तो लोकांना कळायचा बाकी होता. तिथे मी म्हणालो, "जाहिरात माझ्यावर सोड."

"जमेल तुम्हाला? मोबाइलवर द्यायची असते ती."

"नूतन," मी म्हणालो, "माल लोकांपुढे कसा मांडायचा हे सुरतेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारतेस?"

त्याच दिवशी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. माय मांडा हातांवर झुलवत होती आणि मागून ऊन येत होतं. मी चेकर आहे. कापडाचा कस उजेडावर धरल्याशिवाय कळत नाही हे मला ठाऊक. म्हणून मी अगदी जवळ जाऊन फोटो काढला. मायचं तोंड नाही, चूल नाही, खापर नाही. फक्त कोपरापासून पुढचे हात, त्यांच्यावर ताणलेला गव्हाळ मांडा, आणि आरपार आलेलं ऊन. फोटो इतका सुरेख आला की मलाच भरून आलं. खाली मजकूर लिहिला: "नाजूक. मऊ. आरपार. एकदा हात लावाल तर सोडणार नाही. संपूर्ण घरगुती. घरपोच सेवा. संपर्क: नूतन." आणि नंबर. मोबाइलवरच्या जाहिरातींच्या ॲपवर पाठवून दिलं.

(तुम्ही हसताय. मला मात्र तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मला फक्त कापडातली खोट दिसते.)

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये चहाच्या वेळी ॲपचा निरोप आला. "तुमची जाहिरात नाकारण्यात आली आहे. कारण: प्रौढांसाठीचा मजकूर. शरीराचा जास्त भाग उघडा दिसत आहे."

मी तो निरोप तीनदा वाचला. मग फोटो पुन्हा उघडून पाहिला. सत्तर वर्षांची माझी माय! तिचे हात! ज्या हातांनी तिने मला शाळेच्या दारापर्यंत फरफटत नेलं, ते हात प्रौढांसाठी?

घरी गेल्यावर नूतनने विचारलं, "जाहिरात आली का हो?"

"प्रोसेसमध्ये आहे," मी म्हणालो. मिलमध्ये कुठलाही माल कुठेही हरवला, तर पार्टीला आम्ही हेच सांगतो.

खरं सांगायचं तर मी घाबरलो नव्हतो. अहो, रिजेक्ट माल पास कसा करून घेतात हे मला सांगायला हवं का? व्यापारी लोक माझ्यावर रोज तेच प्रयोग करतात. त्यांच्या तीन युक्त्या ठरलेल्या. पहिली, घडी फिरवायची. डाग आत गेला पाहिजे, चेकरला चांगली बाजू दिसली पाहिजे. मी ठरवलं, आपणही घडी फिरवायची. डाग कुठे होता? उघड्या हातांत. मग हात झाका!

माझा एक फिका जांभळा शर्ट आहे, लांब बाह्यांचा. त्याचं कापड आमच्याच मिलचं. तीन वर्षांपूर्वी मी तो सगळा तागा रिजेक्ट केला, पार्टीने परत नेला नाही, तेव्हा शेठनी स्टाफला शर्टापुरते तुकडे वाटले. नूतन त्या शर्टावरून अजून वाद घालते. "यात खोट कुठे आहे, दाखवा." "पट्टा आहे." "मला दिसत नाही." "तुला नाही दिसणार, त्याला नजर लागते." असा तो शर्ट. तो मी मायपुढे धरला.

"माय, हा घाल आणि मांडा कर. फोटो काढायचाय."

माय माझ्याकडे बघतच राहिली. "वाल्मिक, बाही घालीसन कोनी मांडा करस का रे?"

तिने घातला नाही. नूतनने घातला, पण नाराजीनेच. एप्रिलची दुपार, चुलीचा जाळ, वर पॉलिएस्टर! मांडा हातांवर चढला, दोनदा झुलला आणि बाहीच्या बटणात अडकला. सोडवायला गेलो तर टराटरा फाटला. पुरण शर्टाच्या खिशात गेलं. नूतनने शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि खाली निघून गेली. जिन्यातून तिची पावलं ऐकू येत होती, आणि त्यांत बरंच काही होतं.

मग मी हात वगळले. सरळ खापराचाच फोटो काढला. काळंभोर, गोल, खाली धडधडता जाळ. दिसायला एकदम दमदार. या वेळी मजकुरात नाजूक-बिजूक काही ठेवलं नाही. आपल्या सुरतेतल्या सेलच्या पाट्या असतात तसा जोरकस लिहिला: "आखाजीला बमरोलीत धमाका! शंभरचा साठा तयार. घरपोच पोचवू. पळून जाल कुठे?"

ॲपचं उत्तर तासाभरात आलं. "नाकारण्यात आली आहे. कारण: स्फोटके व धोकादायक वस्तूंची विक्री."

"आली का हो जाहिरात?" नूतनने विचारलं.

"वरच्या ऑफिसात गेलीये," मी म्हणालो. (एका अर्थी खरंच होतं. ही जाहिरात आणखी थोडी वर गेली असती, तर पोलीसच घरी आले असते.)

व्यापाऱ्यांची दुसरी युक्ती म्हणजे पार्टीचं नाव बदलायचं. एका नावाने माल रिजेक्ट झाला, की तोच तागा मेव्हण्याच्या नावाने आणतात. मी मायच्या नावाने नवं खातं उघडलं. उषाबाई. पण ॲप मेव्हण्यांना ओळखून असावं. त्याला संशय आला आणि त्याने मागणी केली: खरी व्यक्ती असल्याची खात्री पटवा, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा, डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा.

मी मायला खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

"हाई काय शे?"

"माय, ॲपवाले तुझं तोंड बघणार आहेत."

"कोन? मानसं?"

"असतील, मोठे साहेब लोक."

झालं! मायने पदर कपाळाच्या खाली, पार भुवयांपर्यंत ओढला. परक्या पुरुषांसमोर तिने आयुष्यात कधी उघड्या डोक्याने तोंड दाखवलं नाही, ते ॲपला दाखवणार? "चेहरा स्पष्ट दिसत नाही," मोबाइल म्हणाला. "माय, पदर वर घे थोडा." तिने आणखी खाली घेतला. "चेहरा स्पष्ट दिसत नाही." "माय, डावीकडे बघ." माय उठून डावीकडच्या खोलीत बघून आली. "कोनी नही तठे," ती म्हणाली. चौथ्या खेपेला ॲपने उषाबाई ही व्यक्ती अस्तित्वात नसल्याचा निकाल दिला. माय त्याच वेळी मला दोन शिव्या देत होती, आणि त्या चांगल्याच अस्तित्वात होत्या.

राहिली तिसरी युक्ती, चेकरशी गोड बोलणं. लोक माझ्या टेबलावर लोचोची, म्हणजे सुरतेच्या वाफवलेल्या डाळीच्या फरसाणाची, गरम पुडी ठेवतात आणि पुन्हा एकदा बघायला विनवतात, "भाई, जरा फरी जोई लो ने." मी लोचो खातो आणि शिक्का मारतो. (रिजेक्टचाच. मी भ्रष्ट नाही. फक्त मला लोचो आवडतो.) ॲपमध्ये फेरतपासणीसाठी एक चौकोन होता. त्यात मी मनापासून लिहिलं:

"मान्यवर चेकरसाहेब, सप्रेम नमस्कार. मीही चेकर आहे. बावीस वर्षं झाली. दिवसभर खाली बघून मान धरते, संध्याकाळी डोळ्यांसमोर रेघा येतात, सगळं मला ठाऊक आहे. तुमचा राग नाही. पण साहेब, हे मांडे आहेत. माझ्या बायकोच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. तेवढं एकदा उजेडात धरून नीट बघा. कधी पांडेसऱ्याला आलात तर लोचो माझ्याकडून. आपला, वाल्मिक."

पाठवलं. तीन सेकंदांत उत्तर आलं: "तपासणी पूर्ण झाली. निर्णय कायम आहे."

तीन सेकंदांत! अहो, "मान्यवर" हा शब्द वाचायलाच एक सेकंद लागतो. तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. माझ्या टेबलासमोर व्यापारी उभे राहून काहीबाही सांगत असतात, त्यांच्याकडे मी कधी मान वर करून तरी बघितलं का, असाही एक विचार येऊन गेला. पण जास्त वेळ टिकला नाही, कारण त्याच संध्याकाळी माझा मोबाइल नूतनच्या हातात पडला.

"अहो, हे काय? 'प्रौढांसाठीचा मजकूर'?"

"ते... त्यांच्याकडे तसं म्हणायची पद्धत आहे."

"आणि ही 'स्फोटके'?"

"तो दुसरा विभाग."

"म्हणजे बारा दिवस जाहिरात आलीच नाही?"

आखाजी आठवड्यावर आली होती. ऑर्डरी सात. त्यांतल्या दोन मायने स्वतःच दिल्या होत्या. नूतन भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तयारीचा आहे. पण तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला, आपला उचलला आणि प्रवीणभाईंना फोन लावला. "हो, आणा उद्या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मिलमधून आलो तर दाराआड गठ्ठा. हिरव्या साड्या, वर टिकल्यांचं पाकीट. नूतनने तो सोडला नव्हता, पण चष्मा पुसून त्याच्यावर ठेवला होता. मला त्या गठ्ठ्याकडे बघवेना. स्वतःची इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं आणि मी दोनदा वाढून घेतली.

सकाळी मिलमध्ये गेल्या गेल्या धुडकूभाऊंना गाठलं. हे आमच्या घडी खात्यातले सगळ्यात जुने. तागा दुमडावा कसा, हे सुरतेत त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, आणि ज्याला गुपित सांगू नये असा सुरतेत त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही. पण मला दुसरं होतं कोण?

"भाऊ, तुमच्यापुरतं ठेवा," म्हणत मी त्यांना मोबाइल दाखवला. मायच्या हातांचा फोटो, आणि खाली ॲपचा शेरा.

धुडकूभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला. "हे मांडे आहेत ना रे?"

"हो ना, भाऊ."

"आणि हे प्रौढांसाठी?"

"असं ते म्हणतात."

"हं," भाऊ गंभीर झाले. "एक कर. कोरा तुकडा पाठव. माल सारखा रिजेक्ट व्हायला लागला की जुने लोक काय करायचे? आधी काहीच नसलेला कोरा तुकडा पाठवून पास करून घ्यायचे. चेकरची नजर बसली की मागून माल लावायचे. आणि तो फोटो मला पाठव. अभ्यासाला."

मला पटलं. संध्याकाळी गच्चीच्या भिंतीपुढे मी उभा राहिलो. धुऊन इस्त्री केलेला तोच जांभळा शर्ट, भांग पाडलेला, हात जोडलेले. मांडा नाही, हात उघडे नाहीत, जाळ नाही, धमाका नाही. खाली तीनच शब्द: "मांडे मिळतील. बमरोली." जुन्याच खात्यावरून पाठवून दिलं. मनात मांडे खायला कुणाची परवानगी लागत नाही, लोकांना दाखवायला लागते, हे मला आता कळलं होतं.

इकडे धुडकूभाऊंनी अभ्यास सुरू केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो फोटो शेऱ्यासकट रंगाई खात्यात गेला. पाळी सुटेपर्यंत पांडेसऱ्याच्या बाहेर. दुसऱ्या सकाळी मी सायकलवरून निघालो तर पानाच्या टपरीवरून हाक आली, "ओ वाल्मिकभाऊ, त्या अश्लील मांड्याचे तुम्हीच ना?"

मेलो, म्हटलं! आता नूतन मला घरात घेणार नाही. बावीस वर्षं कमावलेली अब्रू कोपरापासून पुढच्या हातांपायी गेली. मी दिवसभर टेबलावरून मान वर केली नाही. संध्याकाळी घराच्या वळणावर आलो, तर आमच्या दारात ही गर्दी! पुढे होऊन बघतो तर सगळ्या आपल्याकडच्या बायका. कोसाडच्या वसाहतीतून रिक्षा करून आलेल्या पाच, उधन्याच्या आठ, शेजारच्या तर मोजतच नाही.

"कोण म्हणतो मांड्याला अश्लील?" एक जण कमरेला पदर खोचून विचारत होती. "आमच्या माय-आज्या काय अश्लील होत्या? लिहा माझे दहा!"

"माझे सहा. अगं, तो फोटो बघितला आणि रडूच आलं. माझ्या आईचे हात असेच दिसायचे चुलीपुढे. नऊ वर्षं झाली आखाजीला माहेरी जाऊन."

"माझे चार लिहा. आमच्या ह्यांना बघायचंय त्यात काय आहे ते."

माय ओट्यावर बसली होती. तिला कोणीतरी सगळा प्रकार समजावून सांगितला होता, आणि ती भडकली होती. "कोन शे तो? त्यानी माय मांडा करस का नही?" या प्रश्नावर सगळ्या बायका "बरोबर आहे!" म्हणाल्या.

नूतन वहीत नावं लिहीत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागात आहे की कशात, मला कळेना. मग म्हणाली, "अहो, उभे काय? दुसरी वही आणा."

पुढचे चार दिवस कसे गेले ते सांगायला मी शुद्धीवर नव्हतो. शंभराचा आकडा पहिल्याच संध्याकाळी ओलांडला. शेवटी ऑर्डरी भरल्या दोनशे चौसष्ट. आणखी दोन खापरं मागवून आणली, तीन शेजारणी हाताखाली आल्या. गच्चीवर तीन चुली, मध्ये माय लाकडी पाटावर, आणि ती एकेक मांडा उजेडाकडे धरून तपासायची. जाड निघाला की बाजूला. मी एकदा म्हणालो, "माय, मी मदत करू का? माझं कामच ते आहे." माय म्हणाली, "तू लाकडं आन."

मी लाकडं आणली. चार दिवस.

आखाजीच्या दिवशी दुपारी शेवटचा डबा गेला. नूतन भिंतीला टेकून बसली. हात कोपरापर्यंत पिठाचे, चेहरा जाळाने लाल, आणि चष्मा कुठे ठेवलाय तेही तिला आठवत नव्हतं. तेवढ्यात प्रवीणभाई आले. नूतन उठली, दाराआडचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. टिकल्यांचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"प्रवीणभाई, आता याला उंबऱ्याच्या आत आणू नका."

प्रवीणभाईंनी गठ्ठा स्कूटरवर ठेवला आणि परत येऊन गच्चीवर पंगतीला बसले. त्यांच्या शेजारी धुडकूभाऊ. आमरस, मांडे, वर तुपाची धार. मला वाटलं, सांगून टाकावं की हे सगळं जाहिरातीमुळेच झालं, एका अर्थी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"पास!" मी ओरडलो. "नूतन, पास झाली! जाहिरात पास झाली!"

सगळ्यांचे घास थांबले. मी उभा राहून मोठ्याने वाचलं: "तुमची जाहिरात काल मंजूर करण्यात आली आहे. यात आक्षेपार्ह असे काहीही आढळले नाही."

"दाखवा बघू," नूतन म्हणाली. तिने जांभळ्या शर्टातला, हात जोडलेला मी बघितला. "हे होय! कोरं कापड. त्यात काय निघणार?"

"हसू नकोस. सहा हजार चारशे लोकांनी बघितली आहे एका दिवसात!"

"ऑर्डरी किती?"

मी खाली बघितलं. "एक आहे. म्हणजे एक निरोप आलाय."

"वाचा की मग," धुडकूभाऊ म्हणाले.

मी घसा साफ केला. कोणी कतारगामचे गृहस्थ होते. सहा हजार चारशेंतून एकट्या त्यांना माझी जाहिरात भावली होती, तेव्हा मी जरा थाटातच वाचायला घेतलं: "काका, नमस्कार. मांडे नकोत. तुमच्या अंगावरच्या शर्टाचं कापड फार आवडलं. एकदम चोख माल दिसतो. घरात लग्न आहे, सगळ्यांचे सारखे शिवायचेत. चाळीस मीटर मिळेल का?"

प्रवीणभाईंनी आमरसाचं बोट चाटून पुसलं, पुढे वाकून, सणाचा म्हणून मी आजही घातलेल्या त्याच शर्टाची बाही चिमटीत धरली, उजेडाकडे केली, मान डोलावली आणि कापड कुठलं ते विचारलं. "कापड तो सरस छे, वाल्मिकभाई. क्यांनुं छे?"

आता नूतन हसायला लागली. भिंत धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या डोळ्यांना इतकं हसताना मी फार दिवसांनी बघत होतो. मग तिने पिठाचा हात पुसला आणि मला म्हणाली, "सांगा की त्यांना. चाळीस मीटर होतं ना त्या ताग्यात? कोणी रिजेक्ट केला तो?"